दोन बोटांनी उचलायची दांडी

ट्रॉली बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो. का मारतो, ते त्यालाही माहीत नसतं. टायर काही बोलून दाखवत नाही की बाबा, मी वरून नवा आणि आतून जुना आहे. मग तो टाकीवर दोन थापट्या मारतो, रंग कुठला देणार विचारतो, मागे कुठल्या देवाचं नाव घालायचं ते ठरवतो आणि सगळ्यात शेवटी दांडी उचलून बघतो. दांडी म्हणजे ट्रॉलीच्या पुढचा लोखंडी हात, जो ट्रॅक्टरच्या हुकात अडकवतात. ती हलकी लागली की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो.

"वा शेट, एका हातानं उचलतेय की!"

असं कोणी म्हटलं की आजही मी मोजायची टेप घेऊन उठतो. त्याचं कारण सांगायला हा लेख आहे. खरं तर संपादकांनी मला साधा विषय दिला होता: पाण्याच्या टाकीसाठी सुरक्षित ट्रॉली कशी निवडावी. "लोकांच्या उपयोगाचं लिहा, जास्त इकडचं तिकडचं नको," असं फोनवर बजावलं. उपयोगाचं लिहितो. पण त्यात धर्मा नावाच्या माणसाचा उल्लेख आल्याशिवाय ते लिहिता येणार नाही.

चांदीपच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं शेड. आता पुतण्या चालवतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या कामात नाक खुपसतो. बत्तीस वर्षं मी लोखंड जोडलं. खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, कोंबड्यांचे पिंजरे, एकदा तर लग्नाच्या मांडवासाठी लोखंडी हत्ती केला होता. पण भाकरी दिली ती पाण्याच्या ट्रॉल्यांनी. आमच्या वसई-विरारमध्ये इमारत आधी उभी राहते, माणसं राहायला येतात, लिफ्टची पूजा होते, आणि मग सगळे मिळून पाण्याची वाट बघतात. तोवर टँकर. मोठ्या रस्त्यावर मोठे टँकर फिरतात. पण गावठाणातल्या बोळातून, वाड्यांच्या कुंपणाकडेने, अर्धवट इमारतीच्या चिखलातून जायला ट्रॅक्टर आणि मागे टाकीची ट्रॉलीच लागते.

लोकांना ट्रॉली म्हणजे चाकांवर ठेवलेली फळी वाटते. एक गिऱ्हाईक भाताची जुनी ट्रॉली घेऊन आलं होतं. तिच्यावर पाच काळ्या प्लास्टिकच्या टाक्या ओळीने उभ्या करून नायलॉनच्या दोरीने आवळल्या होत्या, पोरं शाळेच्या फोटोला उभी राहतात तशा. म्हणाला, "ह्या ट्रॉलीनं पाच टन विटा ओढल्यात, पाच हजार लिटर पाणी काय चीज आहे?" हिशेब बरोबर होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, वर टाकीचं लोखंड वेगळं. पण वीट ठेवली तिथे बसते. पाणी बसत नाही. ट्रॅक्टर थांबला की पाणी पुढे धावतं, निघाला की मागे, वळला की बाजूला. घरातल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. भरलेला हंडा कमरेवर निमूट बसतो, अर्धा हंडा साडी भिजवतो. म्हणून टाकीत आत भोकं पाडलेल्या लोखंडी पत्र्याचे पडदे घालायचे असतात, पाण्याची धाव अडवायला. तर मालक म्हणणार, "पडदे नको, आत माणूस उतरून घासणार कसा?" चढावर मात्र पडदे असले तरी पाणी मागे जातंच. पडदे त्याला फक्त उशीर करतात.

हे सगळं मला येत होतं. तरीही माझ्या ट्रॉल्यांत एक खोट होती, आणि ती मला माझ्या बापाने प्रेमाने शिकवलेली होती.

माझे बाबा गवताची बैलगाडी हाकायचे. चांदीपकडचं गवत विरारच्या तबेल्यांना जायचं. गाडी भरताना ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पेंड्या रचून झाल्या की पुढे यायचे आणि जू दोन बोटांनी उचलून बघायचे. उचललं नाही तर दोन पेंड्या पुढून काढून मागे. पुन्हा दोन बोटं. "बैलाच्या मानंवर वजन नाय पडला पायजे," ते म्हणायचे, "मुका जीव हाय, तो सांगनार नाय, आपन समजायचा." गाडी अगदीच मागे जड झाली की तिला उलाळ म्हणतात, मग बैल वर टांगले जातात. ते त्यांना कळत होतं. पण त्यांचा जीव नेहमी मागेच झुकायचा. पुढे पाच शेर असण्यापेक्षा मागे पाच शेर बरे, असा त्यांचा कायदा. आमच्या बैलांच्या मानेवर कधी आवाळू, म्हणजे जुवाच्या भाराची गाठ, आलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता, आणि त्यांचा मला.

मी पहिली दोनचाकी ट्रॉली केली तेव्हा बाबा शेडमध्ये येऊन बसले होते. टाकी चेसिसच्या सांगाड्यावर चढवली, पाणी भरलं, आणि त्यांनी उठून दांडी दोन बोटांनी उचलून पाहिली. उचलेना. "फुडं जड झाली रं," म्हणाले. मी एक्सल, म्हणजे चाकांचा आस, सहा इंच पुढे सरकवला. आता भार बरोबर चाकांवर आला, किंचित मागेच. बाबांनी दोन बोटं लावली, दांडी वर आली. म्हातारा हसला. ट्रॅक्टरला मान नसते, हे त्या दिवशी आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लोकांना ती ट्रॉली भयंकर आवडली. भरलेली टाकी हुकाला लावायची तर दुसरीकडे दोन माणसं आणि जॅक लागायचा. माझ्याकडे माझी बायको नलिनी पदर खोचून यायची आणि गिऱ्हाइकासमोर एका हाताने दांडी उचलून दाखवायची. तेवढं बघून माणूस ऑर्डर देऊन जायचा. अशा नऊ ट्रॉल्या मी केल्या. नववी बस्त्यावकाकांची.

बस्त्यावकाका पश्चिमेकडच्या गावातले. केळी आणि फुलांची वाडी, वाडीत गोड्या पाण्याची विहीर. वाडीभोवती इमारती वाढल्या तशी केळी कमी झाली आणि पाणी विकणं सुरू झालं. ते माझ्याकडे आले तेव्हा साठीला टेकले होते. स्वतःच ट्रॅक्टर चालवायचे. माझ्याकडे तेव्हा एक चारचाकी ट्रॉली तयार होती, दोन एक्सलची, पुढे टेकू लावलेली. दुसरी दोनचाकी, दांडी हलकी. काका दोन्हींभोवती फिरले. टायरला लाथ मारली.

"गजा, यातली कुठली घेऊ? खरं सांग हां, मला त्यातलं काय कळत नाय."

मी नलिनीला हाक मारली नाही. त्यांनाच सांगितलं, "काका, तुम्हीच उचलून बघा." त्यांनी एका हाताने दांडी उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जादू केली.

"आणि ही चारचाकी?"

"ती वळवायला त्रास. तुमच्या वाडीच्या बोळात फिरायची नाही. तुमच्या वयाला हीच बरी."

ते माझ्या भरवशावर निवडून गेले. मी नारळ फोडला, त्यांनी पुढच्या रविवारी ट्रॉली चर्चच्या आवारात नेऊन फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त झाला होता. वर मी त्यांना माणूसही दिला. पाईप ओढायला, झाकण उघडायला कोणी हवा होता, तर आमच्याच गावच्या धर्माला कामाला लावलं. धर्मा चाळिशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. भाताची शेती होती पण ती चार महिन्यांची. उरलेले महिने काम हवं होतं. त्याची बायको सुमन तेव्हा मला म्हणाली होती, "दादा, तुझा उपकार झाला."

ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडतात ती एका उभ्या पिनने. पिनच्या खालच्या टोकाला भोक असतं, त्यात स्प्रिंगची क्लिप अडकवायची, म्हणजे पिन वर उडत नाही. आम्ही तिला काटा म्हणतो. हा काटा बोटाएवढा असतो आणि पहिल्या महिन्यात हरवतो. मग तिथे तार येते, खिळा येतो, आणि शेवटी काहीच येत नाही. दांडी जड असेल तर ती हुकावर बसून राहते आणि पिन निदान जागेवर राहते. दांडी हलकी असेल तर खड्ड्याखड्ड्याला ती वर उचलते आणि पिनला वर ढकलते.

एप्रिलचा महिना, दुपारची वेळ. काकांनी अर्धी टाकी पश्चिमेच्या एका सोसायटीत रिकामी केली होती. उरलेलं पाणी पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत द्यायचं होतं. अर्धी इथे, अर्धी तिथे, ही सगळ्यांचीच पद्धत. सगळ्यांचीच बोंब असते, मग थोडं थोडं वाटून द्यायचं. म्हणजे अर्धी टाकी घेऊन रेल्वेवरचा पूल चढायचा. चढाला पाणी मागे सरकलं. आधीच मागे झुकलेली माझी ट्रॉली आणखी मागे झुकली आणि दांडी हुकाला वर उचलू लागली. ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरली. काकांनी मला नंतर सांगितलं, "टण् असा आवाज आला, आणि ट्रॅक्टर एकदम पुढे पळाला. मला वाटलं, बरं झालं, चढ संपला."

पिन उडाली होती. काटा नव्हताच.

धर्मा मडगार्डवर बसला होता. त्याने मागे पाहिलं तर ट्रॉली उलटी निघालेली. मागे एक रिक्षा होती, तिच्या मागे पुलावरची सगळी वाहतूक. गाडी मागे सरकली की चाकाला दगड लावायचा, हे आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर येतं. बैलगाडीलाही तेच, ट्रॉलीलाही तेच. त्यासाठी प्रत्येक ट्रॉलीला खाली एक काळा दगड अडकवलेला असतो. धर्माने उडी मारली, दगड काढला, धावत मागे गेला आणि वाकून चाकामागे सारला. दगड बरोबर बसला. चाक थांबलं.

चाक थांबलं, पण पाणी थांबलं नाही. ते सगळं एकदम मागे गेलं, दांडी आभाळाकडे उठली आणि टाकीचं शेपूट खाली आलं. धर्मा त्याच्या खाली होता.

याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. ट्रॉली आवारात उभी होती, टाकी चेपलेली, मागे माझ्या शेडचं नाव. तपासाला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ट्रॉलीत काही दोष?" मी खिशातून टेप काढली आणि मोजली. मोजायची गरज नव्हती. सहा इंच मला पाठ होते. एक्सल सहा इंच मागे असता तर टाकीचा भार थोडा पुढे राहिला असता. दांडीने हुक दाबून धरला असता. आणि तरीही पिन निघालीच असती, तर दांडी खाली पडून डांबरात रुतली असती, शेपूट खाली आलं नसतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या, शाळेतलं गणित उशिरा सुटावं तसं सुटलं.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "वेल्डिंग कुठं सुटलेलं नाही."

खोटं नव्हतं ते. वेल्डिंग खरंच कुठे सुटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, पिनला क्लिप नव्हती, चालकाचा निष्काळजीपणा. बस्त्यावकाकांवर गुन्हा दाखल झाला. साठीतला माणूस, आयुष्यात कधी शेजाऱ्याच्या केळीला हात लावला नाही, तो कोर्टाच्या बाकावर जाऊन बसू लागला. मी घरी आलो, नलिनीने जेवायला वाढलं, आणि मी जेवलो. पोटभर जेवलो. मला त्याची अजून लाज वाटते.

पावसाळा संपल्यावर मी काकांकडे गेलो. ते ओट्यावर केळीचे कोंब साफ करत बसले होते. ट्रॅक्टर विकून टाकला होता. मी त्यांना एक्सलचं सांगितलं, बाबांची दोन बोटं सांगितली, सगळं. त्यांनी कोयती खाली ठेवली नाही.

"पोलिसांना सांगितलंस?"

"नाही."

"आता सांगशील?"

मी एक कोंब उचलून त्याची माती झाडायला लागलो. ते मुळ्या तासत राहिले.

"नको सांगू," म्हणाले. "काटा नव्हता ना? नव्हता. तो लावायचं काम माझं होतं. दोघं कशाला जायचं? एक पुरे."

ते मोठ्या मनाने म्हणाले की रागाने, मला अजून कळलेलं नाही. मी मात्र लगेच मान्य केलं. आपल्या सोयीचं ऐकायला माणसाला दोन कान कमी पडतात. पुढे कोर्टाचा निकाल बघायला काका राहिले नाहीत. त्यांच्या मयताला मी चर्चच्या मागच्या बाकावर बसलो होतो. फादर देवाच्या दयेबद्दल बोलत होते आणि मी समोरच्या बाकाचे स्क्रू मोजत होतो.

मग मी उरलेल्या आठ ट्रॉल्या शोधायला निघालो. कोणाला कारण सांगितलं नाही. "नवीन पद्धत आली आहे, एक्सल सरकवून देतो, तुमचा खर्च नाही," एवढंच. फुकट म्हटलं की आपल्याकडे माणूस कारण विचारत नाही. सहा झाल्या. एक भंगारात गेली होती, तिचं मी भंगारवाल्याकडे जाऊन चेसिस डोळ्यांनी पाहून आलो. आठवी अर्नाळ्यात होती, एका कोळी बाईकडे. ती ट्रॉली बोटींना पाणी पोचवायची. मी गॅस कटर घेऊन गेलो, तर बाई सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"हात नको लावू माज्या गारीला! चांगली चालते ती. तूच तवा दोन बोटां दाखवलीस ना? आता कापाया आलास?"

"ताई, दांडी जड पाहिजे."

"मंग तवा हलकी कशाला दिलीस?"

मी कटर उचलला. दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा सांगितलं की सरकारने अशा ट्रॉल्या जप्त करायला काढल्या आहेत. तेव्हा तिने सरकारला, मला आणि माझ्या सात पिढ्यांना जे काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण एक्सल सरकवू दिला. जाताना सुक्या बोंबलांची जुडीही दिली. एवढं शुद्ध खोटं बोलून केलेलं चांगलं काम माझ्या खात्यावर दुसरं नाही.

त्यानंतर मी ज्या ट्रॉल्या केल्या, त्या विकायला जड गेल्या, कारण दांडी जड होती. भरलेल्या टाकीचा दहावा हिस्सा भार हुकावर पडला पाहिजे, म्हणजे पाचशे किलो. तो हाताने उचलत नाही, म्हणून पुढे फिरकीचा जॅक लावला. काटा हरवू नये म्हणून साखळीने पिनलाच जोडला. पिन निघालीच तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोन जाड साखळ्या. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक. पाच हजार लिटरच्या वर टाकी असेल तर दोन एक्सल, मग कितीही बोळ अरुंद असो. आणि काळ्या दगडाच्या जागी लोखंडी पाचर, चार फूट लांब दांड्याची. चाकाच्या बाजूला उभं राहून ती आत सरकवायची. गिऱ्हाइकं हसायची. एक जण म्हणाला, "शेट, हिनं भाकऱ्या पण भाजता येतील." मी म्हटलं, भाजा.

एक काम मात्र मी केलं नाही. मी सुमनकडे गेलो नाही. तेराव्याला गेलो होतो, गावचा म्हणून, चार लोकांत बसून आलो. त्यानंतर रस्त्यात दिसली तर मी गाडीचा काहीतरी आवाज येतोय असं दाखवून खाली वाकायचो. अशी वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती स्वतःच शेडमध्ये आली. सोबत गावातल्या तीन बायका. सगळ्यांचे केस पिकायला लागलेले, सुमनचे जास्त.

"दादा, आमच्या बचत गटाला ट्रॅक्टर भेटलाय," ती म्हणाली. "ही वंदना चालवते, लायसन काढलंय तिनं. आता पान्याची ट्रॉली पायजे. उन्हाल्यात पाड्यांवर पानी टाकनार आमी. तूच निवडून दे. दुसऱ्या कोनावर माजा भरवसा नाय."

पुतण्या पुढे होणार होता, मी त्याला थांबवलं. दोन एक्सलची एक ट्रॉली तयार होती, तीन हजार लिटरची, गरजेपेक्षा मजबूत. मी ती दाखवली. वंदनाने टायरला लाथ मारली. सुमन सरळ पुढे गेली आणि दांडीला हात घातला. टाकी भरलेली होती. दांडी तसूभर हलली नाही.

"एवढी जड? आमी बाया कशा उचलनार?"

"उचलायची नाही. जॅक फिरवायचा."

तिने जॅक फिरवून पाहिला. मान हलवली. मग खाली लटकवलेली पाचर काढून हातात घेतली, तिचा लांब दांडा वरखाली पाहिला.

"आनि ह्याला एवढा दांडा कशाला?"

मला उडवाउडवी करता आली असती. पुतण्या अजूनही म्हणतो, काका, तुम्ही सांगायला नको होतं. पण ती पाचर तिच्या हातात होती.

"माणूस चाकामागे जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. "सुमन, खाली बस जरा."

ती बसली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बैलाची मान, दोन बोटं, सहा इंच, पोलीस ठाण्यातली टेप. बस्त्यावकाकांनी एकट्याने घेतलेला दोष. बाकीच्या बायका ट्रॉलीपासून लांब सरकल्या. मध्ये एकदा मी पाणी प्यायलो आणि पुढे सांगितलं. सुमनच्या हातात पाचर तशीच होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हंजे दगड बसला होता?"

"बसला होता. बरोबर बसला होता. चाक जागच्या जागी थांबलं. मागं रिक्षा होती, त्यात माणसं होती. कोणाला खरचटलं नाही."

"मना सगल्यांनी सांगितलं, उगाच उडी मारली. कोनी सांगितली होती उडी माराया, असा." ती पाचरीच्या दांड्यावरून हात फिरवत होती. "मी पन त्याला तेच बोलत आले. फोटोला हार घालताना पन बोलते. कोनी सांगितली होती तुला."

ती रडली नाही. मी रडलो. म्हातारपणी डोळ्यांचा वॉशर सैल होतो, हे माझं नेहमीचं विनोदाचं वाक्य, ते त्या वेळी मला सुचलं नाही.

मला वाटलं ती निघून जाईल, ट्रॉली घेणार नाही. ती बायकांशी जाऊन बोलली. मग वंदनाने बाहेर उभा केलेला ट्रॅक्टर मागे घेतला, दोघींनी जॅक फिरवला, दांडी हुकावर बसली. सुमनने स्वतः पिन घातली, काटा लावला, आणि ओढून पाहिला. दोनदा. साखळ्या अडकवल्या. पाचर मी पुढे केली, ती तिने माझ्या हातून घेतली आणि जागेवर लटकवली. मग मडगार्डवर चढता चढता थांबली.

"दादा," ती म्हणाली. पूर्वीसारखंच म्हणाली, दादा. "हा दांडा आधी का नाय लावलास?"

मी वाकून साखळी ओढून पाहिली. ट्रॅक्टर निघून गेला.

तिचा प्रश्न कठीण नव्हता. मला उत्तर त्या वेळीही येत होतं. आधी कोणी मेलं नव्हतं, म्हणून. हे तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. गटातली एखादी वाचता येणारी तिला वाचून दाखवेल.